ओळींना क्रम नसतो असं ठरलं तेव्हा

एडगर कॉडचा 1970 चा लेख उघडला, की सुरुवातीच्या पानांतच एक छोटा तक्ता दिसतो. पुरवठादार, सुटा भाग, प्रकल्प आणि नग असे चार रकाने, जेमतेम पाच ओळी. त्याखाली कॉडनं काही अटी घातल्या आहेत. कुठल्याही दोन ओळी सारख्या नसाव्यात, ही एक. आणि ओळींच्या क्रमाला काहीही अर्थ नाही, ही दुसरी. लेख अकरा पानांचा आहे. आज बँकेपासून रेल्वेच्या आरक्षणापर्यंत जिथं जिथं टेबलांत माहिती ठेवतात, तिथं त्या अकरा पानांचं राज्य चालतं. पण या दुसऱ्या अटीची किंमत कुणी, कधी आणि कशी चुकवली, याचा इतिहास फारसा सांगितला जात नाही. मला तो सांगावासा वाटतो, कारण तर्काच्या भाषेत प्रश्न विचारणाऱ्या डेटाबेसवर माझं मनापासून प्रेम आहे आणि त्या भाषांना सगळ्यात जास्त छळलं ते या अटीनंच.

कॉड आयबीएमच्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेत होता. त्या काळी आयबीएमचीच आयएमएस ही प्रणाली जोरात होती. अपोलो मोहिमेच्या सुट्या भागांचा हिशेब ठेवण्याच्या गरजेतून ती उभी राहिली. तिच्यात माहिती झाडासारखी, वरून खाली लावलेली असे. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला माहिती कुठल्या वाटेनं आणि कुठल्या क्रमानं सापडेल हे पाठ असावं लागे. समजा फाइल भागाच्या क्रमांकानुसार लावलेली आहे आणि उद्या कुणी ती पुरवठादाराच्या नावानं लावली. आकडे तेच, पण जुने प्रोग्रॅम चुकीची उत्तरं देऊ लागतात किंवा बंद पडतात. कॉडनं अशी तीन परावलंबनं मोजून दाखवली: क्रमावरचं, इंडेक्सवरचं आणि वाटेवरचं. तिन्ही तोडायची हा त्याचा निश्चय होता. त्यासाठी त्यानं गणितातला संच घेतला, आणि संचात पहिला-दुसरा असं काही नसतं.

मला हा निर्णय आजही योग्य वाटतो. पण क्रमाबरोबर दोन वेगळ्या गोष्टी बाहेर गेल्या. एक, माहिती डिस्कवर कशी ठेवली आहे याचा तपशील. तो जायलाच हवा होता. दुसरी, सोमवारनंतर मंगळवार येतो, चित्रातला हा ठिपका त्या ठिपक्याच्या शेजारी आहे, अशा स्वरूपाचं ज्ञान. हे साठवणुकीचं वर्णन नाही, जगाबद्दलची माहिती आहे. तीही त्याच दारानं बाहेर गेली. पुढची पंचवीसेक वर्षं ही दुसरी गोष्ट परत आणण्यात गेली आणि प्रत्येक वेळी पहिली गोष्ट तिच्या पदराला धरून आत येऊ पाहत होती.

तर्कशास्त्राची माणसं या गोष्टीत आली ती 1977 मध्ये, फ्रान्समधल्या तुलूझ शहरात. एर्व्हे गॅलेअर, जॅक मिंकर आणि जाँ-मारी निकोला यांनी तिथं तर्क आणि डेटाबेस या विषयावर एक कार्यशाळा भरवली. तिच्यातून निघालेलं पुस्तक पुढच्याच वर्षी आलं. टेबलातली प्रत्येक ओळ म्हणजे एक विधान आणि प्रश्न म्हणजे एक सूत्र, ही दृष्टी तिथून पक्की झाली. दोन वर्षांनी, 1979 मध्ये, आहो आणि उलमन यांनी टेबलांना प्रश्न विचारण्याच्या कॉडच्या बीजगणिताची एक मर्यादा सिद्ध केली: कितीही पिढ्या मागं जाणारा पूर्वज त्या बीजगणितात शोधता येत नाही. आईवडील शोधता येतात, आजीआजोबा येतात, पणजोबाही येतात. पण किती पिढ्या ते आधी सांगावं लागतं. तर्काच्या भाषेत मात्र दोन ओळी पुरतात:

पूर्वज(क, ख) :- पालक(क, ख).
पूर्वज(क, ग) :- पालक(क, ख), पूर्वज(ख, ग).

पालक असेल तो पूर्वज. पालकाचं मूल ज्याचं पूर्वज, त्याचाही तो पालक पूर्वज. या भाषेला डेटालॉग म्हणतात. हे नाव डेव्हिड मायरनं दिलं असं सांगतात. मायर पुन्हा येणार आहे, त्याला लक्षात ठेवा.

डेटालॉग प्रोलॉग या तर्काधारित प्रोग्रॅमिंगच्या भाषेसारखी दिसते, पण स्वभावानं फार वेगळी आहे. प्रोलॉगमध्ये दुसऱ्या नियमातल्या दोन अटींची अदलाबदल केली, तर यंत्र गोल गोल फिरत राहतं. डेटालॉगमध्ये नियम कुठल्याही क्रमानं लिहा, अटी मागंपुढं करा, उत्तर तेच. शिवाय एक हमी मिळते: प्रोग्रॅम थांबणारच. कारण या भाषेत नवी वस्तू निर्माण करण्याची सोयच नाही. टेबलांत जी नावं आणि जे आकडे आहेत, तेवढ्यांतूनच जुळण्या होतात, आणि मर्यादित वस्तूंच्या जुळण्या कधी ना कधी संपतात. मोठा डेटा टाकला तरी वेळ बहुपदीच्या वेगानं वाढतो, त्याहून बेफाम नाही. ही हमी देणाऱ्या भाषा जगात थोड्या आहेत.

नव्वदच्या दशकात सांगलीला अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना मी डेटाबेस शिकवायची. डेटालॉगला सिलॅबसमध्ये दोन तास होते, मी त्याचे पाच-सहा करायची. पूर्वजाचं उदाहरण मुलांना लगेच पटे. मग मी पावसाचं घ्यायची. कृष्णाकाठी पावसाळ्यात लोक पेपरात आधी बघतात ते कोयनानगर, नवजा आणि महाबळेश्वरचे आकडे; तिथं तीन दिवस धो-धो कोसळला की इकडं आयर्विन पुलाखालची पातळी बघायला गर्दी होते. तेव्हा प्रश्न असा: कुठल्याही ठिकाणी लागोपाठ तीन दिवसांचा मिळून पाऊस किती? टेबल सोपं आहे: पाऊस(ठिकाण, दिवस, मिलिमीटर). पण 'लागोपाठ' कसं लिहायचं? शुद्ध डेटालॉगला दिवस 14 आणि दिवस 15 ही दोन वेगवेगळी नावं आहेत, बस्स. त्यांच्यातलं नातं तिला ठाऊक नाही. म्हणून फळ्यावर आणखी एक टेबल काढावं लागे: पुढचा(1, 2), पुढचा(2, 3), अशा वर्षभराच्या 364 ओळी. बेरीज तर त्या भाषेत नाहीच, ती बाहेरून मागवायची. मागच्या बाकावरच्या एका मुलीनं एकदा विचारलं, "मॅडम, पंधरा चौदानंतर येतो हे आपल्याला माहीत आहे, यंत्रालाही माहीत आहे. मग भाषेलाच का सांगावं लागतं?"

त्या मुलीचा प्रश्न सैद्धांतिक वर्तुळात 1982 मध्येच अगदी नेमका मांडला गेला होता. एखाद्या टेबलात किती ओळी आहेत, सम की विषम, एवढं विचारून बघा. क्रम नसेल तर डेटालॉगला हे सांगता येत नाही, आणि तिच्याहून ताकदवान असलेल्या स्थिरबिंदू तर्कालाही (नवं काही निघेनासं होईपर्यंत तेच सूत्र पुन्हा पुन्हा लावणाऱ्या तर्कालाही) येत नाही. सगळ्या ओळी सारख्याच अनोळखी. मोजायला सुरुवात कुठून करणार? आता पुढचा(क, ख) हे एकच नातं हातात द्या. पहिली ओळ विषम, विषमच्या पुढची सम, समच्या पुढची विषम, आणि शेवटची ओळ जी निघेल ते उत्तर. तीन-चार नियमांत काम झालं. नील इमरमन आणि मोशे वर्दी यांनी त्या वर्षी स्वतंत्रपणे सिद्ध केलं, की क्रम दिला तर स्थिरबिंदू तर्कात बहुपदी वेळात सुटणारा प्रत्येक प्रश्न मांडता येतो, आणि त्याबाहेरचा एकही नाही. क्रम गेल्यानं भाषेची केवढी ताकद गेली होती ते या प्रमेयानं दाखवलं. माझ्या मते कॉडच्या त्या अटीवरचं हे सगळ्यात गंभीर भाष्य आहे.

सिद्धांताखेरीज पोटापाण्याचाही प्रश्न होता. हवामान, उपग्रहांची चित्रं, भूकंपाच्या नोंदी यांचा डेटा ॲरेमध्येच जन्मतो. 1000 ओळी आणि 1000 स्तंभांचं एक चित्र घ्या. ते टेबलात ठेवायचं तर ठिपका(ओळ, स्तंभ, उजेड) अशा 10 लाख ओळी होतात आणि प्रत्येकीत पत्ता पुन्हा लिहावा लागतो. ॲरेमध्ये नुसत्या किमती ओळीनं ठेवतात. चाळीत तिसऱ्या मजल्यावरची सातवी खोली शोधायला दारोदार पाट्या वाचत जावं लागत नाही, तसंच हे: 412 व्या ओळीतला 87 वा ठिपका कुठं आहे ते एका गुणाकारानं आणि एका बेरजेनं कळतं. साहजिकच वैज्ञानिक डेटाबेसच्या वाटेला गेले नाहीत. त्यांनी नेटसीडीएफसारख्या फाइली वापरल्या आणि फोरट्रानमध्ये किंवा सीमध्ये प्रोग्रॅम लिहिले. कॉडनं ज्या परावलंबनातून माणसं सोडवली होती, त्यातच विज्ञानाचा डेटा राहिला.

1993 मध्ये डेटाबेस-सिद्धांताच्या वार्षिक परिषदेत एक लेख आला, 'अ कॉल टु ऑर्डर'. लेखक डेव्हिड मायर आणि बेनेट व्हान्स. डेटाबेसच्या जगानं संचांवर डोंगराएवढं काम केलं आणि याद्या, ॲरे यांसारख्या क्रम असलेल्या रचनांना वाऱ्यावर सोडलं, ही त्यांची तक्रार होती. डेटालॉगला नाव देणाऱ्यानंच ही हाक द्यावी, याचं मला फार मोल वाटतं.

दोन वर्षांनी इटलीतून उत्तर आलं. देशाच्या नकाशातल्या बुटाच्या टोकाशी कॅलाब्रिया प्रांत आहे. तिथल्या विद्यापीठात तर्काधारित डेटाबेसवर डोमेनिको साक्का यांच्यापासून चांगलं काम चालत आलं होतं. तिथल्याच सर्जिओ ग्रेको, लुईजी पालोपोली आणि एउजेनियो स्पादाफोरा यांनी 1995 मध्ये 'डेटा अँड नॉलेज इंजिनिअरिंग' या नियतकालिकात डेटालॉगला ॲरेची जोड देणारा लेख छापला: 'एक्सटेंडिंग डेटालॉग विथ ॲरेज'. फार गाजलेला लेख नाही. पण ॲरे आणायचा तर नेमकं काय अडतं, हे समजून घ्यायला यापेक्षा चांगली जागा नाही. दोन अडचणी मी जरा जवळून दाखवते.

पहिली अडचण बदलाची. नेहमीच्या भाषेत आपण सहज लिहितो: ॲरेच्या तिसऱ्या घरात 5 होते, आता 7 ठेव. डेटालॉगमध्ये एकदा सिद्ध झालेलं विधान खोटं होत नाही. घर(3, 5) खरं आहे आणि आता घर(3, 7) ही खरं झालं, तर एका घरात दोन किमती बसल्या. जॉन मॅकार्थीनं 1962 मध्येच याचा तार्किक अर्थ लावून ठेवला होता. ॲरे बदलतच नाही. जुन्यातून नवा ॲरे तयार होतो. लिहिलेलं घर वाचलं तर लिहिलेलीच किंमत मिळते, दुसरं कुठलंही घर वाचलं तर जुनी. ही दोन विधानं आजही प्रोग्रॅमची शुद्धता तपासणाऱ्या साधनांच्या मुळाशी आहेत. डेटालॉगमध्ये ती आणायची तर प्रत्येक नोंदीला क्षणाचा शिक्का मारावा लागतो (क्ष हा क्षण, ज ही जागा, म ही तिथली किंमत):

घर(क्ष+1, ज, म) :- बदल(क्ष, ज, म).
घर(क्ष+1, ज, म) :- घर(क्ष, ज, म), नाही बदलली(क्ष, ज).

पहिला नियम बदललेल्या घराचा. दुसरा म्हणतो, ज्या जागेला हात लागला नाही ती पुढच्या क्षणी तशीच राहते. अर्थाच्या दृष्टीनं हे निर्दोष आहे. पण या नियमांनी 1000 आकडे क्रमानं लावून बघा. शेजारशेजारची घरं तपासून अदलाबदल करण्याच्या साध्या रीतीत सुमारे 5 लाख तुलना होतात. एका क्षणाला एक तुलना धरली आणि दर क्षणी 1000 घरांची नक्कल काढली, तर 50 कोटी विधानं जमा होतात, आणि त्यातली शेवटची 1000 सोडून बाकी सगळी टाकाऊ. शिवाय दुसऱ्या नियमात 'नाही' आहे, आणि काय बदललं ते घरात काय आहे यावरच अवलंबून आहे. नकार आणि पुनरावृत्ती असे एकमेकांत अडकले, की नेहमीच्या व्याख्येनुसार प्रोग्रॅम बाद ठरतो.

यातून वाट काढली ती कार्लो झानिओलो आणि त्याच्या सहकाऱ्यांनी. ऑस्टिनच्या एमसीसी या संशोधन संस्थेत सुरू झालेल्या एलडीएल या डेटालॉगच्या वंशातल्या भाषेच्या पुढच्या आवृत्तीत, 1993 च्या सुमारास, त्यांनी असे प्रोग्रॅम ओळखण्याची एक चाचणी दिली. क्षणाचा आकडा फक्त पुढंच जात असेल, तर आजचा नकार उद्याच्या विधानावर परिणाम करतो, आजच्यावर नाही, म्हणून विरोध येत नाही. आणि नुसती नक्कल करणारा नियम कंपायलरला ओळखू आला, तर तो नक्कल काढतच नाही. तेच घर जागेवर बदलतो. लिहिणाऱ्यानं तर्क लिहावा आणि यंत्रानं ॲरे वापरावा, ही विभागणी मला अत्यंत सुंदर वाटते. विद्यार्थ्यांना मी नेहमी सांगायची, की हा शोध नीट कळला तर बाकी सिलॅबस आपोआप कळेल.

दुसरी अडचण हमीची. डेटालॉगमध्ये 'अधिक एक' आणलं की संख्या(न+1) :- संख्या(न) हा नियम लिहिता येतो आणि तो जगबुडीपर्यंत चालतो. प्रोलॉगसारख्या याद्या आणल्या तरी तेच, कारण यादी कितीही लांब होऊ शकते. ॲरेची लांबी आधीच ठरवून दिली, तर जागा मर्यादित राहतात आणि प्रोग्रॅम थांबतो. याद्यांपेक्षा ॲरे सुरक्षित, हा माझ्या दृष्टीनं त्यांचा मोठा गुण. मात्र अख्खा ॲरे ही एक किंमत म्हणून नियमांतून फिरवायला परवानगी दिली, तर नवीच पंचाईत होते. 100 घरं आणि प्रत्येकात फक्त 0 किंवा 1, तरी वेगवेगळे ॲरे होतात 2 चा 100 वा घात, म्हणजे 31 अंकी संख्या. प्रोग्रॅम थांबेल खरा, पण कुणाच्या हयातीत नाही. तेव्हा ॲरे भाषेत येऊ द्यायचा, पण तो कसा आणि कुठवर फिरेल यावर चौकी ठेवायची. ॲरे आणणाऱ्या प्रत्येकाला ही चौकी कुठं बसवायची ते ठरवावंच लागतं.

1996 हे या सगळ्याचं भरतीचं वर्ष. मॉन्ट्रियलच्या सिग्मॉड परिषदेत लिओनिद लिबकिन, रोना मॅकलिन आणि लिमसून वाँग यांनी ॲरेसाठी एक्यूएल नावाची क्वेरीची भाषा मांडली, थेट नेटसीडीएफच्या फाइली वाचणारी. ती डेटालॉगवर उभी नव्हती, पण तिच्यामागचा विचार याच घराण्यातला. ॲरे म्हणजे वस्तूंचा ढीग नाही. जागा दिली की किंमत देणारं ते एक फलन आहे, असं त्यांनी धरलं. आणि सिद्धही केलं, की अशा भाषेत ॲरे आणणं म्हणजे तत्त्वतः वस्तूंना क्रमांक लावण्याची शक्ती आणणं. इमरमन आणि वर्दी ज्या ठिकाणी पोचले होते, तिथंच ही माणसं वेगळ्या रस्त्यानं आली.

त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये व्हीएलडीबी ही डेटाबेसची मोठी परिषद मुंबईत भरली. तिचं महत्त्व आमच्यासारख्या शिक्षकांना वेगळंच होतं. पवईच्या आयआयटीत एस. सुदर्शन शिकवत होते. त्यांनी विस्कॉन्सिनला रघू रामकृष्णन आणि दिवेश श्रीवास्तव यांच्याबरोबर कोरल ही डेटालॉगच्या वंशातली प्रणाली उभी केली होती. याद्या, संच, बेरजा असं बरंच काही तिच्यात जमत असे. ज्यांची नावं आपण झेरॉक्सच्या फिकट पानांवर वाचतो, त्यांतलं एक पवईत भेटू शकतं, हे कळल्यावर मुलांचे चेहरे बदलत.

नंतर ओहोटी लागली. व्यापारी डेटाबेसना डेटालॉगची गरज पटली नाही. त्यांच्या एसक्यूएल या भाषेच्या 1999 च्या मानकात पुनरावर्ती क्वेरी आली आणि त्याच मानकात रकान्यात ॲरे ठेवण्याची सोयही आली, पण दोघी एकमेकींपासून लांब, जणू ओळखच नाही. माझ्या पावसाच्या प्रश्नाला व्यवहारी उत्तर मिळालं ते 2003 च्या मानकातल्या 'विंडो' फलनांत: दिवसानुसार लाव, चालू ओळ आणि आधीच्या दोन घे, बेरीज कर. क्रम पुन्हा भाषेत आला होता, साठवणुकीबद्दल चकार शब्द न काढता. बहुमितीय ॲरेंना एसक्यूएलमध्ये रीतसर स्थान मिळायला 2019 उजाडलं. त्यामागं जर्मनीतल्या पीटर बाउमन यांची नव्वदच्या दशकापासूनची रासदामान प्रणालीवरची चिकाटी आहे.

डेटालॉग मात्र मेली नाही. ती परतली ती वेगळ्याच धंद्यात, मोठमोठ्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायला. त्यासाठीची सूफ्ले ही प्रणाली ऑस्ट्रेलियात बर्नहार्ड शोल्झ यांच्या गटानं बांधली. तिच्यात आजही ॲरे लिहायचा तर पाऊस(ठिकाण, दिवस, मिलिमीटर) असंच, जागेचा रकाना धरून लिहायचं. पण नातं जाहीर करताना शेवटी एक शब्द जोडता येतो, 'ब्री'. मग लागोपाठच्या आकड्यांनी खचाखच भरलेलं ते नातं नेहमीच्या झाडाऐवजी अशा रचनेत ठेवलं जातं, की शेजारचे आकडे शेजारी, दाटीवाटीनं बसतात. खालचे नियम होते तसेच राहतात, एक अक्षरही बदलावं लागत नाही.